निफाडच्या साली, मैलापूरचा काढा

मैलापूर, चेन्नई
९ ऑगस्ट २०२४

विहीणबाई कल्पनाबाईंना तुळजाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं सालींचं खोकं परवा पोचलं. एवढ्या मोठ्या खोक्यात इतकं हलकं काय आहे, असं पोस्टमनने विचारलं. कांद्याच्या साली, माझ्या सुनेच्या आईने महाराष्ट्रातून पाठवल्यात, म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. लोक लेकीला साड्या पाठवतात, तुम्ही केर पाठवता, असं त्याच्या मनात आलं असणार.

घरात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमची निफाडची मराठी माझ्या कानांपुढे पळते. माझी तंजावरकडची मराठी ऐकून तुम्ही "हो हो" म्हणता, तेव्हा तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. त्यात नीलम फोन स्पीकरवर टाकते. मला वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेली मराठी लिहिता येते, ती आपल्या दोघींना समजते. आणि तुम्ही तर पोस्टात नोकरी केलेल्या. तुम्हाला पत्र नको असेल तर कोणाला हवं असेल?

नीलम सध्या फार खुशीत आहे. कांद्याच्या वरच्या सालीत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं असतात, झाडं ती स्वतःच्या बचावासाठी तयार करतात, एवढं मला तिने समजावलं आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ती प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवते आणि त्यांच्यावर सालींचा अर्क टाकून बघते. मंगळवारी घरी आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात. म्हणाली, "अम्मा, मेल्या! सगळ्या मेल्या!" तुमचा जावई तरुण नुकताच शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून येऊन रसमभात खात होता, त्याच्या हातातला घास पडला. त्याला वाटलं, शेजारच्या म्हाताऱ्या बहिणी गेल्या. नंतर कळलं, पेशी.

तुमच्याकडे सालींचा काढा कोणी पितं का? सहज विचारते. बाकी सगळं ठीक.

तुमची,
तुळजा

---

निफाड
२१ ऑगस्ट २०२४

तुळजाबाई,

पत्र चौथ्या दिवशी मिळालं. माझं खातं अजून झोपलेलं नाही, हे बघून बरं वाटलं. कांदा निवडायच्या खळ्यावर सालींचे ढीग पडलेले असतात, पण काढा पिणारा अजून मला तरी भेटलेला नाही.

आता मुद्द्याचं. नीलमचा फोन होता. म्हणाली, आई, तू चार किलो म्हणतेस आणि प्रयोगशाळेत अडीचच भरतात. तुळजाबाई, मी पोस्टात उभी हयात घालवली. माझ्या हातून गेलेलं पार्सल कमी भरलं, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते पोटच्या लेकीने. मी तिला विचारलं, खोकं फुटलेलं होतं का? ती म्हणाली, नाही, अम्मा घरी उघडून साली गच्चीत वाळवतात आणि मग मला देतात.

मुळात खडखडीत वाळलेल्या साली पुन्हा वाळवायच्या कशाला? त्या दिवशी मी जेवणसुद्धा नीट जेवले नाही. संध्याकाळी एकदम डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे बायका साली उकळून केसांना लावतात, छान तांबूस रंग येतो. तुळजाबाई, चोर सापडला. अहो, केस रंगवायचे तर उजळ माथ्याने रंगवा. सुनेच्या संशोधनातून रंग कशाला काढता?

रागावू नका. आपली थट्टा व्हायचीच, विहिणी ना आपण.

तुमची,
कल्पना

---

मैलापूर
२ सप्टेंबर २०२४

कल्पनाबाईंना नमस्कार.

पकडलंत. पोस्टातून उगाच नाही निवृत्त झालात. हो, केसच. साठी उलटून गेल्यावर ही हौस आली, काय करू? तरुणला आणि नीलमला सांगू नका, दोघं मिळून हसतील. एक लहान खोकं वेगळं, माझ्या नावाने पाठवाल का? म्हणजे नीलमचं वजन कमी भरणार नाही आणि तुमच्या खात्याची अब्रूही राहील.

तुम्ही मला चोर म्हटलंत, आता मीही एक बोलून घेते. गेल्या वर्षी तुम्ही लेकीला भेटायला आलात आणि लॉजवर उतरलात. माझ्या घरात बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलात. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही तुमच्या घराण्याची रीत आहे, ठाऊक आहे मला. पण त्या दिवशी मी वाटून घाटून डांगर पच्चडी केली होती. उडदाच्या भाजलेल्या पिठाची ती पच्चडी आमच्या तंजावरच्या मराठी घरांतच होते. ती मी आणि तरुणने दोन दिवस खाल्ली. चोराच्या मनातही काही असतं, एवढंच.

तुमची,
तुळजा

---

निफाड
१६ ऑक्टोबर २०२४

तुळजाबाई,

तुमच्या नावाचं खोकं मिळालं असेलच. नवरात्रात तुम्ही मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांचा फोटो तरुणने फोनवर पाठवला. सगळ्या पायऱ्या भरलेल्या, वर देवी, खाली वाण्याचं दुकान, फारच देखणं. पण माझं लक्ष बाहुल्यांवर राहिलं नाही. कडेला तुम्ही उभ्या आहात.

तुमचे केस कापसासारखे पांढरे आहेत. एका बटेलाही रंग नाही. हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरल्या आहेत आणि पोलक्याचे खांदे उतरले आहेत. मागच्या वर्षी तुम्ही माझ्यापेक्षा दणकट होतात, मला आठवतं, कारण माझी बॅग तुम्हीच जिन्यावरून नेली होती.

मग त्या साली जातात कुठे?

तुम्ही पहिल्याच पत्रात काढ्याचं विचारलं होतं आणि मी मूर्खासारखी केसांच्या मागे लागले. तुळजाबाई, थट्टा पुरे झाली. तुम्हाला काय होतंय ते मला सरळ लिहा.

कल्पना

---

मैलापूर
२३ ऑक्टोबर २०२४

कल्पनाबाई,

सरळ लिहिते. चैत्रापासून शौचातून रक्त जातं आहे. आधी मूळव्याध समजले. मग थकवा आला. आता कपालीश्वराच्या देवळापर्यंत चालले तरी मध्ये एकदा फुलवालीच्या स्टुलावर बसावं लागतं. तिला वाटतं मी गप्पा मारायला बसते.

माझी थोरली बहीण कृष्णवेणी ह्याच दुखण्याने गेली. तिने डॉक्टरांना दाखवलं, पोट उघडलं, तसंच शिवलं आणि दीड महिन्यात संपलं. मला वाटतं, तिला दुखण्याने नाही, कळण्याने मारलं. मला कळून घ्यायचं नाही. ज्या दिवशी नीलम "मेल्या" म्हणत आली, त्या रात्री मला देवाने घरबसल्या औषध पाठवलं असं वाटलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ काढा पिते आहे, ताडगूळ घालून. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

आणि नीलमला कुठल्या तोंडाने सांगू? ती रोज ज्या रोगाशी झुंजते, तो तिच्याच घरात, सासूच्या पोटात बसला आहे, हे ऐकून ती पोरगी काम कशी करेल? शिवाय शौचाच्या गोष्टी सुनेशी बोलायच्या? आमच्या पिढीला ते जमत नाही.

तुम्हाला आई तुळजाभवानीची शपथ, माझं नावच तिचं आहे. नीलमला सांगायचं नाही आणि तरुणलाही नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही दूर आहात आणि विचारलंत.

तुळजा

---

निफाड
३० ऑक्टोबर २०२४

तुळजाबाई,

उद्यापासून दिवाळी. मी चकल्या तळायला घेतल्या आणि अर्ध्या करपवल्या. तुमच्यामुळे.

शपथ पाळली आहे. पाळताना जिभेला गाठ मारावी लागली. पण नीलमला विचारायला शपथेत मनाई नव्हती. मी म्हटलं, अगं, इथे खळ्यावरच्या बायका विचारतात, तुझ्या सालींचा काढा प्यायला तर आतड्याचा कॅन्सर बरा होतो का? ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"आई, कोणाला असलं काही सांगू नकोस हं. बशीतल्या पेशी एकट्या असतात, त्यांच्या डोक्यावर आपण थेट अर्क ओततो, आणि तोही कडक. त्यांच्यावर कोणी फिल्टर कॉफी ओतली तरी बऱ्याच मरतील. माणसाच्या पोटात गेल्यावर आतड्यातले जंतू आणि यकृत त्या द्रव्याचं रूपच बदलून टाकतात. उंदरांमध्ये थोडा गुण दिसतो, माणसांमध्ये अजून काहीच ठरलेलं नाही. रोज भाज्या, कांदा, फळं खाणाऱ्यांना धोका कदाचित थोडा कमी असेल. उद्या ह्यातून औषधांच्या जोडीला काही निघालं तर मी पेढे वाटेन. पण गाठ असेल तर ती दुर्बिणीने शोधायची आणि काढून टाकायची. लवकर सापडली तर माणूस ठणठणीत बरा होतो. काढा पीत बसला तर गाठीला वाढायला वेळ मिळतो."

तुळजाबाई, तुमचा काढा म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट आहे. पेटीत टाकलं की मनाला बरं वाटतं, पोचत कुठेच नाही. कृष्णवेणीबाईंचं मला वाईट वाटतं, पण त्यांनी किती महिने लपवलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मला अंदाज आहे.

मला भीती वाटते आहे. तुम्ही गेलात तर मी कोणाशी भांडू? तपासणी करून घ्या. माझी लेक तुमच्या घरात आहे, तिला हाक मारा.

कल्पना

---

मैलापूर
६ नोव्हेंबर २०२४

कल्पनाबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. नीलम तिथे कधी हात घालत नाही.

कृष्णवेणीने वर्षभर लपवलं होतं. तुमचा अंदाज खरा आहे.

पण कल्पनाबाई, सांगणं सोपं असतं. तुम्ही मला माझी भीती सोडायला सांगता. तुम्ही तुमची कोणती गोष्ट सोडता? तेव्हा माझी एक अट आहे. तुम्ही माझ्या घरी उतरायचं, केळीच्या पानावर पोटभर जेवायचं, आणि पाणीसुद्धा माझ्याच घरचं प्यायचं. नातवंड नसताना. त्या दिवशी मी नीलमला स्वतःच्या तोंडाने सांगेन आणि दवाखान्यात जाईन. तोवर आग्रह करायचा नाही.

तुमच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत तुम्ही मोडणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा हा विषय इथे संपला असं समजते.

तुळजा

---

निफाड
११ नोव्हेंबर २०२४

तुळजाबाई,

तिकीट काढलं. २३ तारखेला, शनिवारी सकाळी चेन्नई सेंट्रलला उतरते. ह्यांची त्यांच्या बहिणीकडे जेवायची सोय केली आहे.

सासूबाईंनी रीत पाळायला सांगितली होती, विहीण गमावून पाळायला नव्हती सांगितली. वर भेटल्या तर मी त्यांच्याशी बोलून घेईन, मला त्यांची सवय आहे.

पच्चडी जास्त करा. मला भूक लागलेली असेल.

कल्पना

---

मैलापूर
६ जानेवारी २०२५

प्रिय कल्पनाबाई,

तुम्ही निफाडला परतलात तेव्हा माझ्या तपासणीचा कागद तेवढा हातात आला होता आणि ऑपरेशन व्हायचं होतं. नीलम रोज फोनवर तुम्हाला सगळं सांगते, पण ती डॉक्टरांच्या भाषेत सांगते. माझ्याकडचं मी सांगते.

आधी त्या शनिवारचं. तुम्ही पानावर बसलात, आचमनासारखं थोडं पाणी आधी प्यायलात, आणि मग पच्चडी तीनदा मागून घेतलीत. मी पदर डोळ्यांना लावला तेव्हा तुम्हाला वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण रडले त्यासाठी नाही. मी ती अट तुम्हाला पाळता येणार नाही म्हणूनच घातली होती. सुटका करून घ्यायची युक्ती होती ती. तुम्ही घास उचललात आणि माझी पळायची वाट बंद झाली. आपल्यासाठी कोणी असं काही सोडावं, हे माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही, म्हणून रडले.

मग मी नीलमकडे वळून सांगितलं, तुम्ही होतातच. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती उठली आणि डॉक्टरांना फोन लावायला लागली. तुम्ही गेल्यावर मात्र तिने मला गाठलं. म्हणाली, "अम्मा, रागावू कोणावर ते कळत नाही. मी घरी येऊन 'मेल्या' म्हणून नाचले, ती चूक माझी." मी म्हटलं, बाळ, तू नाचलीस ते बरोबरच नाचलीस. मी अर्धंच ऐकलं, ते मला पुढचं ऐकायचं नव्हतं म्हणून. आता आमच्या घरी नियम झाला आहे. नीलमने प्रयोगशाळेतली बातमी आणली की आधी विचारायचं, बशीत, उंदरात की माणसात? तरुणसुद्धा विचारतो.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. आतड्याचा वीतभर तुकडा काढला. आसपासच्या ग्रंथींत रोग पसरलेला नव्हता, केमोची गरज नाही, फक्त वेळोवेळी दुर्बीण. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर थांबला असतात तर हे बोलणं वेगळं झालं असतं. मी मान खाली घातली. मैलापुरात डिसेंबरात संगीतसभांचे दिवस असतात, गल्लोगल्ली गाणं आणि सभेच्या कॅन्टीनमध्ये गरम केळफुलाचे वडे. ह्या वर्षी गाणं रेडिओवर ऐकलं आणि वडे तरुणने माझ्यासमोर बसून खाल्ले. डॉक्टरांनी मला पातळ भात सांगितला होता. त्या मुलाला मी कधी माफ करणार नाही.

एक गोष्ट तुम्हाला नीलमने सांगितली नसेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, काढलेल्या गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी द्याल का? नाव कुठे लिहिलं जात नाही. नीलम घाईने म्हणाली, "अम्मा, तुमच्यावर काही जबरदस्ती नाही, आणि तो माझ्याच प्रयोगशाळेत येईल असंही नाही." मी सही केली. कृष्णवेणीच्या वेळी कोणी विचारलं असतं तर तिनेही केली असती, ती फार देणारी होती. कुणाच्या तरी बशीत माझ्या पेशी असतील आणि कोणीतरी त्यांच्यावर हवं ते ओतून बघेल. मला त्याचं समाधान आहे, आणि थोडा सूडही आहे, लपवत नाही.

आता आजचं काम. डॉक्टरांनी सांगितलं, दोन सख्ख्या बहिणींना झालं, तेव्हा भावानेही तपासून घ्यायला हवं. माझा धाकटा भाऊ व्यंकोजी, तंजावरला कॉफीपावडरीचं दुकान चालवतो. तुमच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलं नाही, म्हणून सांगते. ऑगस्टात मीच त्याला फोन करून सालींच्या काढ्याचं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तो तेव्हापासून रोज पितो आहे. इतकंच नाही, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. काल मी त्याला फोन केला आणि म्हटलं, तो काढा बंद कर आणि दुर्बिणीची वेळ घे. तो म्हणाला, "अक्का, मज काही नाही की. मी बरा आहे. दुकान सोडून सुम्मा, उगाच, कुठे येऊ? पोंगल झाल्यावर बघू."

बरा आहे म्हणाला, पण मध्येच दम खाऊन म्हणाला. मी त्याला विचारलं, रक्त जातं का?  तो म्हणाला, थोडंसं, मूळव्याध असेल.

कल्पनाबाई, माझ्या पायांतला सगळा अशक्तपणा त्या क्षणी गेला. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. शुक्रवारी नीलमला घेऊन मी तंजावरला जाते आहे. तो मला म्हणाला, अक्का, तू कशाला त्रास घेतेस, मला खरंच काही होत नाही. मी म्हटलं, व्यंको, हे वाक्य मी आठ महिने रोज बोलले आहे. ते तुझ्यापेक्षा मला चांगलं येतं. तू दुकानाची किल्ली शेजाऱ्याला देऊन ठेव.

तुमची,
तुळजा